शेवटी सगळं समजावून सांगायलाच हवं का?

गोदाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, भयपट, खुनाची रहस्यं, अंतराळातल्या गोष्टी, हे सगळं मी मिळेल तेव्हा बघते. अगदी आवडीने बघते, म्हणूनच एका गोष्टीवर जीव तुटतो.

शेवटची वीस मिनिटं. दीड तास छान घाबरवून झालं की कोणीतरी पात्र पुढे येतं आणि सगळं उलगडून सांगायला बसतं. भूत का झालं, खून कशासाठी झाला, यान नक्की कुठे पोचलं. भयपटात हे काम गावातल्या म्हाताऱ्याकडे असतं, रहस्यपटात इन्स्पेक्टरकडे आणि विज्ञानपटात चष्मेवाल्या शास्त्रज्ञाकडे. मग पिवळट रंगातला भूतकाळ सुरू होतो आणि माझी भीती तिथेच उतरते.

मागच्या आठवड्यात सिटी सेंटर मॉलला आम्ही मैत्रिणी एका भयपटाला गेलो होतो. मध्यंतरापर्यंत पूर्ण थिएटर चिडीचूप होतं. शेवटचा भूतकाळ सुरू झाला आणि लोकांनी मोबाइल काढले, पुढच्या रांगेतले दोघे तर पार्किंगची गर्दी टाळायला उठून गेले. हवेलीतली बाई कोण, हे कळल्यावर तिची भीती कोणालाच उरली नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे. न सांगितलेलं जास्त दिवस टिकतं. तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं द्या, भांडा, पण लिहा.

रातपाळी

+१. मी नर्स आहे, रात्रीच्या ड्यूट्या असतात. रात्री तीनला रिकाम्या खोलीतली बेल वाजली की मला कारण शोधावंच लागतं. कधी वायरिंग असतं, कधी शेजारच्या पेशंटने चुकीचं बटण दाबलेलं असतं. दिवसरात्र कारणं शोधणं हेच काम आहे, म्हणून पडद्यावर तरी मला कारण नको असतं. तिथे बेल वाजू दे आणि कोणी वाजवली ते कळू नये.

भगूरवाला

साफ असहमत, ताई.

'लपाछपी' (२०१७) घ्या. विशाल फुरियाचा. पूजा सावंत गरोदर बाई, नवऱ्याबरोबर उसाच्या रानातल्या एकट्या घरात येते. उषा नाईक यांची तुळसाबाई आणि उसात खेळणारी मुलं. पहिल्या भागात ती मुलं नुसती दिसतात आणि दचकवतात. ती कोण आणि तिथे काय घडलं ते नंतर उलगडतं आणि तो उलगडा म्हणजेच सिनेमा आहे. स्त्रीभ्रूणहत्येवरची गोष्ट आहे ती. तिथे दिग्दर्शकाने 'न सांगितलेलं बरं' म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं तर ते त्या गावासारखंच झालं असतं. गावानेही गप्पच बसायचं ठरवलेलं असतं.

ज्या भुतामागे कोणाचा तरी अन्याय आहे, त्याचं कारण सांगितलंच पाहिजे. उलगडा झाल्यावर माझी भीती कमी झाली नाही, उलट माणसांची वाटायला लागली.

सातपूर_एमआयडीसी

स्पॉयलरची सूचना टाका की राव. आज रात्रीच लावणार होतो.

भगूरवाला

सिनेमा येऊन इतकी वर्षं झाली भाऊ. तरी शेवट सांगितलेला नाही, निवांत बघा. याच दिग्दर्शकाने त्याचा हिंदी 'छोरी' (२०२१) केला, पण आधी मराठी बघा.

निफाडकर

उसाचा विषय निघालाच आहे तर लिहितो.

'लपाछपी' आमच्या घरात सगळ्यांनी बघितला. पुण्याची पाहुणे मंडळी भुतांच्या मुलांना घाबरली. आम्ही घाबरलो ते ती बाई एकटी उसात शिरते तेव्हा. आमच्याकडे उसात कोणी असं शिरत नाही. बिबट्याची मादी पिलं घालते उसात. आडोसा, पाटाचं पाणी, वस्तीवरची कुत्री, सगळं जवळ. तोड सुरू झाली की सरीत पिलं सापडतात. मग तोड थांबवायची, वनखात्याला फोन करायचा. ते लोक पिलं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, म्हणजे मादी येऊन घेऊन जाते. सकाळी क्रेट रिकामा दिसला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

आणि शेतीची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात बारे द्यायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतं. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून, दोघं-तिघं मिळून, हातात बॅटरी. पात सळसळली की वारा आहे का दुसरं काही, ते कळत नाही. वारं पडलेलं असताना सळसळली तर कोणी काही बोलत नाही, सगळे एकदम मागे सरकतात.

ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. आम्हाला कारण पक्कं ठाऊक आहे, प्राणी कोणता ते ठाऊक आहे, तो का येतो तेही ठाऊक आहे. तरी भीती काडीभर कमी होत नाही. म्हणजे समजावून सांगितल्याने भीती जाते, हे मला पटत नाही. तुमच्या हवेलीवाल्या सिनेमाचं दुसरंच काहीतरी बिनसलं असणार.

चहा_कमी_साखर

निफाडकर, हा प्रतिसाद रात्री साडेअकराला वाचला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं होतं, आता सकाळी जाईन.

जुना_प्रेक्षक

निफाडकरांनी मर्मावर बोट ठेवलं आहे. फरक सांगण्या-न सांगण्यात नाही, कधी सांगितलं त्यात आहे.

हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसं गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. निफाडच्या शेतात बॉम्ब टेबलाखाली आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे 'दृश्यम' बघा. मूळ मल्याळम २०१३चा, हिंदी २०१५चा निशिकांत कामत यांचा. मृत्यू कसा झाला, कोणाच्या हातून झाला, सगळं आपल्यासमोर घडतं. लपवाछपवी आपण त्या कुटुंबाच्या बाजूने बघतो. तरी चौकशीच्या वेळी धाकट्या मुलीकडे इन्स्पेक्टर वळला की आपल्या तळहाताला घाम येतो. एकच गोष्ट दिग्दर्शकाने शेवटपर्यंत हातची राखली आहे आणि ती सांगायला त्याला भाषण लागत नाही, एक जागा दाखवली की झालं.

याउलट त्याच हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ खोलीत उभा राहून नॉर्मनचं मन सगळ्यांना समजावून सांगतो. इतक्या बांधीव सिनेमात तेवढाच तुकडा मला आजही सैल वाटतो. पण पुढचं दृश्य विसरू नका. डॉक्टरांचं बोलणं संपतं आणि कॅमेरा कोठडीत बसलेल्या नॉर्मनकडे जातो. तो चेहरा बघताना डॉक्टरांचं एकही वाक्य कामाला येत नाही.

कॉलेजरोडची_मुलगी

जुने प्रेक्षक काका, मस्त लिहिलंत. 'तुंबाड' याच पठडीतला ना मग? मी तो पहिल्यांदा बघितला सप्टेंबर २०२४मध्ये, पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा. २०१८ला आला तेव्हा फार चालला नव्हता, पुन्हा लागल्यावर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. आमचा पूर्ण ग्रुप गेला होता.

राही अनिल बर्वेंनी हस्तरची पूर्ण दंतकथा सुरुवातीलाच सांगून टाकली आहे. देवीचा पहिला मुलगा, सोनं घेतलं, धान्यावर हात टाकायला गेला, म्हणून त्याची पूजा कधीच करायची नाही. नियम सगळे कळले. तो कशाला भुलतो तेही कळतं, कणकेची बाहुली. मग १९१८, १९३३, १९४७ असा काळ पुढे सरकत राहतो आणि आपण बघतो की नियम माहीत असलेला माणूस हावेपोटी काय काय करतो. शेवटी खाली उतरल्यावर जे होतं (सातपूरवाले, डोळे मिटा) ते नियमाच्या बाहेर काहीच नाही. आपणही हिशोब करू शकलो असतो, पण मुलगा नवी युक्ती सुचवतो तेव्हा बापासारखेच आपणही खूश होतो. माझ्या अंगावर काटा आला तो तिथे.

सातपूर_एमआयडीसी

हा बघितलाय. डोळे उघडेच ठेवले.

अनुस्वार

'तुंबाड' भयकथाकार नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून सुचला असं सांगतात. ज्यांना धारप माहीत नाहीत त्यांनी वाचनालयातून आणा. सार्वजनिक वाचनालयात धारप आणि मतकरींची पुस्तकं पाळीपाळीने घरी नेणारी आमची एक पिढी आहे.

आईसाहेब_इंदिरानगर

थोडं अवांतर. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला 'झपाटलेला' दाखवला. १९९३चा महेश कोठारेंचा. रामदास पाध्यांचा तो बाहुला बघून पोरगं माझ्या पदराआड, आणि लक्ष्मीकांत बेर्डे बोलायला लागले की बाहेर. एकाच दृश्यात घाबरणं आणि हसणं. आता त्याच्या खोलीतला टेडी रात्री कपाटात बंद करावा लागतो.

वरची चर्चा वाचून लक्षात आलं, तिथेही सगळं आधीच सांगितलेलं आहे. तात्या विंचूने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला शिरता येणार. मुलाला हा नियम लगेच कळला आणि पुढचा पूर्ण वेळ तो लक्ष्याला ओरडून सांगत होता, पळ, पळ. समजलं नसतं तर ओरडला नसता.

रातपाळी

मालिकांबद्दल कोणीच बोललं नाही? 'रात्रीस खेळ चाले'. पहिलं पर्व २०१६चं. अण्णा नाईक गेलेले, नुसतं त्यांचं सावट त्या वाड्यावर. दुसरं पर्व २०१९ला आलं ते कथेला मागे घेऊन गेलं, अण्णा जिवंत, शेवंता, सगळा इतिहास. म्हणजे दुसरं पर्व हा एक लांबलचक उलगडाच होता की! आणि माझ्यासकट अख्ख्या वॉर्डला तोच जास्त आवडला. माधव अभ्यंकरांचं नुसतं बघणं पुरायचं. आता माझ्याच +१चं काय करायचं ते मला विचारू नका, मालिकेला वेगळा नियम लागतो असं मी मानते. रोज भेटणाऱ्या माणसाचा भूतकाळ हवासा वाटतो.

ओझरकर

विज्ञानपटांची बाजू घ्यायला कोणीतरी हवं.

आमच्या प्रांतात समजावून सांगणं हा दोष नाही, तीच मेजवानी आहे. 'इंटरस्टेलर' (२०१४) घ्या. किप थॉर्न हे त्याचे वैज्ञानिक सल्लागार, पुढे २०१७ला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कागद दुमडून त्यातून पेन आरपार घालून एक शास्त्रज्ञ कृमिविवर (वर्महोल, अवकाशातला जवळचा रस्ता) म्हणजे काय ते सांगतो. काहींना ते शाळेसारखं वाटतं. मला तिथेच आनंद होतो. आणि खरी गोष्ट पुढे आहे. त्या पाण्याच्या ग्रहावर उतरण्याआधी सांगितलं जातं की इथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. कोरडं वाक्य आहे. मग लाट येते, उशीर होतो, आणि परत आल्यावर कूपर २३ वर्षांचे साठलेले निरोप बघत बसतो. मुलं त्याच्यासमोर मोठी होत जातात. ते सात वर्षांचं गणित आधी सांगितलं नसतं तर ते रडणं कोणाला कळलंच नसतं. फेब्रुवारी २०२५ला तो पुन्हा लागला तेव्हा माझ्या शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा त्या दृश्यात चष्मा काढून बसला होता.

आणि आपल्याकडे हे सगळं कधीपासून आहे! जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस मिळालंच. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये मोबियस पट्टी वापरून त्यांनी उजव्याचं डावं केलं आहे. तो उलगडा वाचल्यावर मी कागदाची पट्टी कापून, पीळ देऊन चिकटवून बघितली होती. ते मे २०२५मध्ये गेले. एवढी सामग्री घरात असताना मराठी पडद्यावर भूत दर वर्षी येतं आणि विज्ञानकथा इतकी क्वचित का, याची मला मनापासून खंत आहे.

कॉलेजरोडची_मुलगी

'झोंबिवली' (२०२२) विसरलात का? आदित्य सरपोतदारचा. झोंबी डोंबिवलीत. धमाल आहे.

ओझरकर

बघितला, आवडला. पाण्याचा प्रश्न आणि टॉवर विरुद्ध वस्ती हे त्यात घातलंय ते चांगलंच आहे. पण मला यान हवंय हो. खर्च येतो हे समजतं. मग निदान एका खोलीत घडणारी तरी करा. नारळीकरांच्या किती कथांत माणसं नुसती बोलत असतात आणि डोकं गरगरतं.

त्र्यंबककन्या

खर्चाचं आणि यानाचं म्हणताय तर आपल्याच मातीतल्या माणसाचं नाव घेते. दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. पहिल्या चित्रपटानंतर १९१३मध्येच त्यांनी काम नाशिकला हलवलं. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये मुलगी मंदाकिनीला कृष्ण केलं आणि पाण्याखालची नागाशी झुंज दाखवली. हनुमान उडवला, लंका जाळली. संगणक नाही, काही नाही. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा चालवायचा. एकाच फिल्मवर दोनदा छायाचित्रण करायचं.

या धाग्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. फाळके जादूचे प्रयोग करायचे, आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. जादूगार कधी युक्ती सांगत नाही. पण याच माणसाने १९१७मध्ये चित्रपट कसा तयार होतो ते दाखवणारा लघुपट काढला! त्याआधी १९१२मध्ये वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं चित्रित करून, दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवली होती. ते एका परीने विज्ञानाचं चित्रणच म्हणायचं. चमत्कारही दाखवला आणि त्याचं यंत्रही उघडून दाखवलं. दोन्ही लोकांनी बघावं असं त्यांना वाटत होतं.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मुलांना घेऊन जा आणि हे सांगा.

सातपूर_एमआयडीसी

हे जबरदस्त आहे. स्मारकाच्या शेजारून किती वेळा गेलो असेन, केळफा माहीत नव्हतं.

गोदाकाठ (धागाकर्ती)

किती छान लिहिताय सगळे. मी सगळं वाचतेय.

भगूरवाले भाऊ, 'लपाछपी'बद्दल तुमचं मान्य. तिथे उलगडा हवाच. पण मग माझी तक्रार जास्त नेमकी करते. ज्या सिनेमात भूतकाळाचा वर्तमानाशी काही संबंधच नाही तिथे तो कशाला? आमच्या त्या हवेलीच्या सिनेमात शंभर वर्षांपूर्वीच्या बाईवर अन्याय झाला होता, आणि घाबरत होतं कोण, तर शहरातून आलेलं कोणतंही जोडपं. त्यांनी काही केलं नव्हतं, त्यांना काही करायचंही नव्हतं. ती दुसऱ्याच घरची गोष्ट होती. 'तुंबाड'मध्ये जो नियम ऐकतो तोच विहिरीत उतरतो. 'इंटरस्टेलर'मध्ये जो गणित ऐकतो त्याचीच मुलं म्हातारी होतात. निफाडकरांच्या उसातही ज्याला माहीत आहे त्यालाच बारे द्यायला जायचं आहे.

ओझरकर, तुमच्याच प्रांतातला '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मात्र मी सोडणार नाही. तो काळा उभा दगड काय आहे, शेवटची खोली कुठली, कुब्रिकने काही सांगितलं नाही. तिथे तुमची मेजवानी कुठे गेली?

ओझरकर

आर्थर क्लार्कच्या कादंबरीत गेली! सिनेमा आणि कादंबरी दोघांनी बरोबरीने तयार केली, आणि कादंबरीत बरंच सांगितलेलं आहे. मी सिनेमा बघून तडफडलो आणि पुस्तक वाचून शांत झालो. तुम्ही पुस्तक वाचू नका, तुम्हाला तडफडच हवीय असं दिसतंय.

गोदाकाठ (धागाकर्ती)

हो, हवीय.

रातपाळी

गोदाकाठ ताई, तुमच्यासाठी 'भूतकालम' (२०२२). मल्याळम आहे, राहुल सदाशिवन यांचा. आई आणि मुलगा, एक साधं भाड्याचं घर. आईला नैराश्य, मुलगा बेकार, दोघांचं एकमेकांशी धड बोलणं नाही. घरात काही आहे की त्यांच्या मनाचं आहे हे बराच वेळ कळत नाही, आणि शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे दुसरंच धरून चालतात. नर्स म्हणून सांगते, आजारी माणसाचं बोलणं घरचे कसं उडवून लावतात ते इतकं खरं मी फार कमी वेळा बघितलंय. रेवती यांचं काम बघाच.

निफाडकर

हिंदीत आहे का? वडिलांना खालची अक्षरं पटपट वाचता येत नाहीत आणि त्यांना भुताचे सिनेमे फार आवडतात.

चहा_कमी_साखर

तुम्ही शेजारी बसून सांगत जा दादा. या धाग्याने ज्याला हाकलायचं ठरवलं होतं ते समजावून सांगणारं पात्र तुमच्या घरात लागणार.

निफाडकर

आमच्याकडे तेच करतात. माझे वडील एकटे कधी सिनेमा बघतच नाहीत, प्रत्येक दृश्याला 'हा कोण, हा का आला' चालू असतं. त्यांना उत्तर मिळालं की ते अजून सावरून बसतात. घाबरायचे तिथे घाबरतातच.

भगूरवाला

निफाडकर, मग त्याच दिग्दर्शकाचा 'ब्रह्मयुगम' (२०२४) पण काढा. कृष्णधवल आहे म्हणून वडिलांना जुना वाटेल, पण मामूटीचा म्हातारा बघून ते उठणार नाहीत. माणसं थोडी, जागा एक, त्यामुळे शेजारी बसून सांगायला सोपा. फक्त रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात लावू नका, नंतर बारे द्यायला कोणी जाणार नाही.